बास्क माणसांच्या नांवाच्या वनस्पति

आपल्या गांवाचें, जिल्ह्याचें अथवा घराण्याचें नांव कसें पडलें हें जाणून घेण्याची हौस सर्वांनाच असते. आमच्या कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें, हें वडील माणसें मुलांना आवर्जून सांगतात. परंतु पेणच्या टेकड्यांवर व रोह्याच्या रानांत उगवणाऱ्या झाडांना शास्त्रज्ञांनीं दिलेलीं नांवें कोणाचीं, असा प्रश्न सहसा कोणी करीत नाहीं. त्यांपैकीं एकदोन झाडांचा माग काढीत गेलें, तर आपण थेट युरोपांतील एका लहानशा डोंगराळ मुलखांत जाऊन पोंचतों. त्या मुलखाची व त्या नांवांची थोडी ओळख वाचकांना करून द्यावी, असें आम्ही योजिलें आहे.

स्पेन व फ्रान्स या देशांच्या मध्यें पिरनीज पर्वताची रांग आहे. तिच्या पश्चिम टोकाशीं बास्क लोकांची वस्ती आहे. या लोकांच्या भाषेचें नवल असें कीं, जगांतील दुसऱ्या कोणत्याही जिवंत भाषेशीं तिचें नातें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. हे लोक दर्यावर्दी. त्यामुळें अमेरिकेंत व पूर्वेकडील बेटांत ते पुष्कळ ठिकाणीं पसरले.

आतां वनस्पतींच्या नांवांची रीत पाहूं. स्वीडन देशचे पंडित लिनीअस यांनीं १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रत्येक वनस्पतीस दोन पदांचें नांव देण्याची पद्धत घालून दिली. पहिलें पद आडनांवासारखें. तें जवळच्या सर्व भावंडांस सारखेंच. दुसरें पद त्या एकटीचें. या दोहोंपैकीं एखाद्या पदांत कोणा मनुष्याचें नांव गुंफून त्याचा सन्मान करण्याची चाल आहे.

आपल्या कोंकणच्या रानांत काजरा नांवाचें झाड आहे. वैद्य त्याच्या बियांस कुचला म्हणतात. त्याचें शास्त्रीय नांव स्ट्रिक्नॉस नक्स-व्हॉमिका. याच कुळांतील एक वेल फिलिपाइन्स बेटांत होते. तिचें नांव स्ट्रिक्नॉस इग्नाशिआय. हें नांव सेंट इग्नेशिअस लोयोला यांचें. ते १४९१ सालीं बास्क मुलखांत जन्मले. प्रथम ते शिपाईगडी होते. १५२१ सालीं पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला, आणि त्या आजारांत त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. त्यांनीं स्थापन केलेल्या जेझुइट संघास १५४० सालीं पोपची मान्यता मिळाली. त्यांचे सोबती सेंट फ्रान्सिस झेविअर हे नावार प्रांताचे. ते १५४२ सालीं गोव्यास आले, हें सर्वश्रुत आहे. फिलिपाइन्समधील जेझुइटांनीं त्या वेलीच्या औषधी बियांना आपल्या संस्थापकाचें नांव दिलें.

१८१८ सालीं पेल्तिए व काव्हांतू या दोघां फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं याच बियांतून स्ट्रिक्नीन नांवाचें जहाल विष वेगळें काढलें. तेंच विष आपल्या काजऱ्यांतही आहे. म्हणून मुलांनीं हें पक्कें ध्यानांत ठेवावें: काजऱ्याचें पिकलेलें फळ नारिंगासारखें गोजिरें दिसतें, पण त्यांतील चपट्या, गुंडीसारख्या बिया थोड्या जरी पोटांत गेल्या, तरी अंगास झटके येऊन प्राणावर बेततें. गुरें राखणाऱ्या धाकट्या भावंडांसही हें सांगून ठेवावें.

दुसरी ओळख रानभेंडीची. खाडीकांठीं जें भेंडीचें झाड असतें, त्याची ही डोंगरांतील जातभाई. फूल पिवळें, मध्यें गर्द जांभळा ठिपका. कांहीं वनस्पतिशास्त्रज्ञ तिला थेस्पेशिआ कुळांत घालतात. कांहीं तिला अझान्झा लँपस म्हणतात. लँपस म्हणजे दिवा. आणि अझान्झा हें मिगेल होसे दे अझान्झा यांचें नांव. हे गृहस्थ १७४६ सालीं नावार प्रांतांत जन्मले व १७९८ ते १८०० पर्यंत मेक्सिकोचे व्हाइसरॉय होते. पुढें नेपोलियनच्या भावानें स्पेनची गादी बळकावली, तेव्हां त्यांनीं त्याचा पक्ष धरला. परिणामीं देश सोडावा लागला, व १८२६ सालीं फ्रान्समध्यें बोर्दो येथें त्यांचें देहावसान झालें.

याच नावार प्रांतांत १७८९ सालीं फ्रान्सिस्को झेविअर मिना जन्मले. त्यांनीं प्रथम नेपोलियनच्या फौजेशीं गनिमी कावा केला, आणि नंतर मेक्सिकोच्या स्वातंत्र्याकरितां तेथें जाऊन लढतांना ते पकडले गेले. ११ नोव्हेंबर १८१७ रोजीं त्यांना गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर १८२४ सालीं एका सुंदर वेलीचें मिना लोबाटा हें नांव प्रसिद्ध झालें. आपल्या कुंपणांवरील गणेशवेलीची ती बहीण. गणेशवेलही मूळची अमेरिकेकडचीच. व्हाइसरॉय आणि बंडखोर, दोघेही एका प्रांताचे, आणि दोघांसही वनस्पतींनीं पदरांत घेतलें!

चवथें नांव एका चित्रकाराचें. १७८७ ते १८०३ या काळांत स्पेनच्या राजाज्ञेनें मेक्सिकोंतील वनस्पतींची पाहणी झाली. तींत अतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकोच्या तरुणानें अप्रतिम चित्रें काढलीं. एचेव्हेरिया हें आडनांव बास्क. त्याचा अर्थ नवें घर, म्हणजे उरणजवळच्या आपल्या नवघरासारखेंच. तीं चित्रें पुढें जिनीव्हाचे पंडित द कांदोल यांच्याकडे आलीं. १८१७ सालीं तीं परत मागितलीं गेलीं, तेव्हां त्या शहरांतील शंभराहून अधिक मंडळींनीं, मुख्यतः स्त्रियांनीं, दहाएक दिवसांत शेंकडों चित्रांच्या नकला करून दिल्या. मूळ चित्रें पुढें दीर्घकाळ बेपत्ता होतीं. १९८१ सालीं तीं अमेरिकेंतील पिट्सबर्गच्या हंट संस्थेंत सुरक्षित पोंचलीं. १८२८ सालीं द कांदोल यांनीं एका मांसल पानांच्या कुळास एचेव्हेरिया असें नांव दिलें. कमळासारख्या पानांचीं हीं रोपें आतां कुंड्यांतून विकावयास येतात.

आतां या सन्मानांचें पुढें काय झालें तें पाहा. मिना हें कुलनाम शास्त्रज्ञांनीं मोडून ती वेल आयपोमिया कुळांत घातली. अझान्झा या नांवाविषयीं मतभेद आहे. परंतु एचेव्हेरियाचें नांव दीडशेंहून अधिक जातींवर अढळ आहे. ज्यानें राज्य केलें त्याच्यापेक्षां, ज्यानें झाडासमोर बसून तें निरखून रेखाटलें, त्याचेंच नांव झाडांवर अधिक टिकलें, हें आम्हांस फार योग्य वाटतें.

आपल्या डोंगरांतील कातकरी व ठाकर मंडळी कित्येक झाडें पानावरून, सालीवरून, वासावरून ओळखतात व त्यांना स्वतःचीं नांवें देतात. तीं नांवें सांगणारीं माणसें गेलीं म्हणजे नांवेंही जातील. म्हणून विद्यार्थ्यांनीं एक वही करावी. झाडाचें चित्र काढावें, शेजारीं गांवचें नांव लिहावें, सांगणाऱ्याचें नांव लिहावें व तारीख घालावी. पालकांनीं सुट्टीच्या दिवसांत मुलांना जाणत्या माणसाबरोबर रानांत पाठवावें. वही शाळेंत आणल्यास शास्त्रीय नांव शोधून देण्यास आम्ही आनंदानें साहाय्य करूं.