बोहाडा : घरोघरी वाटून घेतलेला उत्सव

बोहाडा हा सह्याद्रीच्या उत्तर भागातील आदिवासींचा मुखवट्यांचा उत्सव. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या डोंगरपट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर हे समाज तो करतात. काही ठिकाणी त्याला भोवाडा म्हणतात, नाशिककडे आखाडी हेही नाव चालते. सीमेपलीकडे गुजरातच्या डांगातही ही परंपरा आहे.

शिमगा आटोपला की बोहाड्याचे दिवस सुरू होतात आणि चैत्र-वैशाखात ते गावोगाव चालतात. या काळाला शेतीचे आणि पोटापाण्याचे गणित आहे. भाताचे एक पीक हाती आले की मोखाडा-जव्हारमधली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला उतरतात. शिमग्याला माणसे गावाकडे वळतात आणि पावसाळी कामांना अजून अवकाश असतो. गाव भरलेले असण्याचे दिवस थोडेच, आणि बोहाड्याला तर सगळे गाव लागते.

कारण इथे प्रत्येक सोंग कुणा ना कुणा घराण्याकडे असते. गणपती एका घरचा, नरसिंह दुसऱ्या घरचा, त्राटिका तिसऱ्या घरची. मुखवटा जपणे, उत्सवाआधी त्याला नवा रंग देणे, त्याची पूजा करणे आणि ठरलेल्या रात्री सोंग नाचवणे ही त्या घराची जबाबदारी. बापामागून ती मुलाकडे येते. बोहाडा टिकला याचे खरे श्रेय या वाटणीला द्यावे लागेल. कोणत्याही राजाश्रयापेक्षा किंवा अनुदानापेक्षा ती भक्कम ठरली आहे. आपले सोंग निघाले नाही तर सोंगांच्या रांगेत खिंडार पडेल आणि ते सगळ्या गावाला दिसेल, ही जाणीव प्रत्येक घराला असते.

मुखवटे दोन प्रकारचे. जुने बहुधा लाकडाचे, कोरून घडवलेले आणि चांगलेच जड. दुसरे कागदाच्या लगद्याचे, वजनाला हलके. कपाळ आणि डोके कापडाने गुंडाळून त्यावर मुखवटा घट्ट बांधतात. आतल्या माणसाला बारीक भोकांतून समोरचे थोडेसेच दिसते, त्यामुळे पावले पडतात ती सांबळाच्या ठेक्यावर आणि वाटेच्या सवयीवर. रावणाचे सोंग सर्वांत अवघड. दहा तोंडांचा पसारा दोन्ही अंगांना पसरलेला असतो आणि तो तोल सांभाळत नाचायला खांद्यात बळ लागते. देवी, त्राटिका, हिडिंबा ही सोंगेही पुरुषच घेतात.

सोंगे रात्री निघतात. टेंभ्यांच्या उजेडात, सांबळ आणि सनईच्या साथीने ती गावच्या वाटेवर पुढे-मागे नाचत सरकतात. दोन्ही बाजूंना पोराबाळांसह माणसे बसलेली असतात. आरंभ गणपती आणि सरस्वतीने होतो. मग रामायण-महाभारतातली आणि पुराणातली पात्रे येतात, आणि त्यांच्याच रांगेत वेताळासारखी लोकदैवतेही. पुराणकथा ऐकीव वाटेने आल्या आणि इथल्या देवांशेजारी बसल्या. त्यांना उसन्या म्हणणे चुकीचे ठरेल, इतक्या त्या गावच्या झाल्या आहेत. शेवट देवी आणि महिषासुराच्या युद्धाने होतो. मोखाड्याचा बोहाडा जगदंबेच्या यात्रेशी जोडलेला आहे आणि त्यासाठी आसपासच्या पाड्यांवरून मोठी गर्दी लोटते.

आज बोहाड्याचे मुखवटे हस्तकलेच्या प्रदर्शनांत विकायला येतात, सोंगे शहरी रंगमंचावर थोड्या मिनिटांसाठी नाचतात. कारागिरांना त्यातून पैसा मिळतो, तो मिळायलाच हवा. पण रंगमंचावर सोंग एकटे पडते. आधीचे सोंग कुणाच्या घरचे, नंतरचे कुणाचे, हे तिथल्या प्रेक्षकाला ठाऊक नसते. गावात ते शेंबड्या पोरालाही माहीत असते. भीतिदायक वाटणारा अक्राळविक्राळ राक्षस आपल्या शेजारचाच काका आहे, हे ओळखण्यात पोरांना केवढा आनंद वाटतो!

खरी अडचण घराण्यांची आहे. रोजगारासाठी घर कायमचे शहरात गेले की सोंगाला वारस उरत नाही. अशा वेळी काही गावे ते सोंग भाऊबंदांकडे किंवा तयारी दाखवणाऱ्या दुसऱ्या घराकडे सोपवतात. नवा माणूस मग जाणत्यांकडून पावले शिकतो आणि पुढच्या शिमग्यानंतर ते सोंग त्याच्या घरून निघू लागते.