झिप फाइल उघडत नाही? आधी गाठ तपासा

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या बाजारपेठांतील कापड दुकानदार आणि रेडिमेडवाले यांचा बराचसा माल सुरत, भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव येथून येतो. पूर्वी मालाबरोबर बिल्टी येई आणि बिल टपालाने येई. जुन्नर तर एके काळी हातकागदाचे गाव. आता मात्र माल ट्रान्सपोर्टने येतो आणि बिले, दरपत्रक, साड्यांचे फोटो हे सगळे एकाच 'झिप' फाइलमध्ये बांधून ई-मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने येते. गाठ सोडता आली नाही तर आतला माल असून नसल्यासारखा.

मागे एकदा १८ तारखेला आमच्या दुकानात हाच प्रसंग आला. जीएसटीचे ३बी विवरण २० तारखेपर्यंत भरायचे होते आणि एका पेढीने पाठवलेली महिन्याची बिले उघडेनात. दोन लाखांच्या कापडावर पाच टक्क्यांनी दहा हजार रुपयांची वजावट होते. बिलांचा मेळ लागला नाही, तर ती वजावट पुढच्या महिन्यावर जाते आणि तेवढी रोख रक्कम आज खिशातून भरावी लागते. लहान दुकानदाराला दहा हजार म्हणजे थोडे नव्हे. म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

प्रथम झिप म्हणजे काय ते पाहू. साडीच्या काठावर एकच बुट्टी चाळीस वेळा येत असेल, तर कारागीर चाळीस बुट्ट्या काढून ठेवत नाही. एक काढतो आणि 'चाळीस वेळा' असे लिहितो. संगणकही पुन्हा पुन्हा येणारा मजकूर एकदाच ठेवतो आणि पुढे केवळ खूण करतो. उघडताना सगळे जसेच्या तसे परत मिळते, एक अक्षरही कमी होत नाही. या पद्धतीचा पाया लेम्पेल आणि झिव या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ साली घातला आणि झिप हा प्रकार अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी १९८९ साली रूढ केला. फोटो आधीच दाबलेले असतात, म्हणून फोटोंची झिप फारशी लहान होत नाही. तेथे झिपचा फायदा एवढाच की शंभर फोटो एका गाठीत येतात.

आता अडचणी आणि त्यांचे उपाय क्रमाने पाहू.

१) 'फाइल अवैध आहे' असा संदेश येतो. बहुतेक वेळा फाइल अर्धवट उतरलेली असते. झिपमध्ये आतल्या मालाची यादी सर्वांत शेवटी असते. गाठीची पॅकिंग स्लिप तळाशी ठेवावी तसे हे आहे. नेट मध्येच तुटले की यादीच पोचत नाही आणि संगणकाला काही सापडत नाही. आमचेही तेच झाले होते. समोरच्याकडे फाइल ६२ एमबीची होती, आमच्याकडे ४१ एमबीचीच पोचली होती. म्हणून पहिले काम हे की, पाठवणाऱ्याला फोन करून आकार विचारा. फरक असेल तर जुनी फाइल काढून टाका आणि पुन्हा उतरवून घ्या.

२) 'सीआरसी' चूक दाखवतो. प्रत्येक फाइलसोबत एक ताळ्याचा आकडा असतो. ताके मोजून बिलाशी ताडावे तसा संगणक तो ताडून पाहतो. आकडा जुळला नाही म्हणजे वाटेत बिघाड झाला. झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते, म्हणून एक खराब झाली तरी बाकीच्या सहसा निघतात. निघतील तेवढ्या काढून घ्या आणि उरलेल्या पुन्हा मागवा.

३) फाइल झिप नसून 'रार' किंवा 'सेव्हन-झेड' असते. विंडोज १० वा त्याआधीचा संगणक या दोन्ही स्वतःहून उघडत नाही. विंडोज ११ मध्ये ही सोय २०२३ पासून आली. 'सेव्हन-झिप' हा प्रोग्रॅम मोफत आहे आणि तिन्ही प्रकार उघडतो. तो मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. नावातील शेवटची अक्षरे बदलून रारची झिप होत नाही.

४) पासवर्ड चालत नाही. लहान-मोठी अक्षरे आणि जास्तीची मोकळी जागा तपासा. प्राप्तिकराच्या २६एएस नोंदीची मजकूर-फाइल झिपमध्ये मिळते. तिचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष असे आठ आकडे, मध्ये रेघ न देता. पासवर्ड बरोबर असूनही विंडोज चूक दाखवत असेल, तर कुलूप नव्या पद्धतीचे असू शकते. तेव्हा सेव्हन-झिपने उघडून पाहा.

५) तुकड्यांत आलेली फाइल. 'पार्ट १', 'पार्ट २' असे रारचे तुकडे असतील, तर सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि पहिला उघडा. एक तुकडा कमी असला तरी काम अडते.

६) नावे विचित्र दिसतात किंवा 'मार्ग फार लांब' असे येते. उर्दू वा मराठीत दिलेली नावे जुन्या प्रोग्रॅममध्ये कधी चिन्हांचा गोंधळ होऊन येतात. व्यवहाराच्या फाइलींना रोमन अक्षरांत छोटी नावे द्यावीत. नावे लांब असतील, तर फाइल थेट डी ड्राइव्हवर नेऊन उघडा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. झिपच्या आतच हिशेबाची एक्सेल फाइल उघडून मी दोन तास आकडे भरले. आतून उघडलेली फाइल ही तात्पुरती नक्कल असते. बंद केल्यावर सगळी मेहनत गेली. तेव्हा आधी उजवे बटण दाबून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करावे, मगच कामाला लागावे. जीएसटीचे ऑफलाइन टूलही झिपमध्येच येते. तेही आधी बाहेर काढावे, नंतर चालवावे.

शेवटी सावधगिरीचे दोन शब्द. अनोळखी माणसाकडून 'बिल' किंवा 'थकबाकी' नावाची झिप आली तर उघडू नका. आतल्या फाइलच्या शेवटी 'ईएक्सई' असेल, तर ते बिल नव्हे, प्रोग्रॅम आहे. २०२३ मध्ये विनरारच्या जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन शेअर आणि क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्यांना लक्ष्य करण्यात आले. साधी वाटणारी फाइल उघडताच घातक प्रोग्रॅम चालू होई. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ६.२३ आवृत्तीत तो दोष दूर झाला, पण विनरार स्वतःहून नवे होत नाही, आपणच नवे टाकावे लागते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

व्यापारी बंधूंनो, माल आला की आपण गाठ मोजतो, शिवण पाहतो, मगच सही करतो. झिपच्या बाबतीतही तेच करावे. आणि बिले २० तारखेच्या तोंडावर न मागवता महिना संपताच मागवून उघडून पाहावीत. अडचण आली तरी दुरुस्तीला वेळ हाताशी राहतो.