लघुवराहांचे गृहपालन
पाश्चात्त्य देशांत हौसेने पाळल्या जाणाऱ्या लघुवराहांपैकी अनेकांचे मूळ व्हिएतनाममधील लोंबत्या पोटाच्या जातीत असून, ती १९८० नंतरच्या दशकात कॅनडामार्गे अमेरिकेत पोहोचली. मादी काही महिन्यांतच गर्भधारणक्षम होत असली, तरी तिची वाढ तीन वर्षांपर्यंत चालू राहून वजन ५० किलोंपलीकडे सहज जात असल्यामुळे, खरेदीदारास दाखविलेले इवलेसे जन्मदाते पुष्कळदा स्वतःच अल्पवयीन असतात. सुमारे २१ दिवसांचे ऋतुचक्र आणि ११४ दिवसांचा गर्भकाळ यांमुळे प्रजनन सुलभ भासते खरे. परंतु ब्रिटनमध्ये एकच डुक्कर पाळावयाचे म्हटले तरी जागेची सरकारदप्तरी नोंद आणि फिरावयास नेण्यासाठी परवाना आवश्यक असून, स्वयंपाकघरातील खरकटे घालण्यास सक्त मनाई आहे.