ठरावाआधी सातबारा

जळगाव नगरपालिकेने नव्वदच्या दशकात झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी ११ हजारांहून अधिक घरकुले बांधायचे ठरवले. हुडको या सरकारी गृहवित्त कंपनीचे कर्ज उभे राहिले, मक्ता दिला गेला, शहराच्या कडेला इमारतींचे सांगाडे दिसू लागले. त्यांतली पूर्ण झाली ती दीड हजारांच्या आसपास.

नगरपालिकेची २००३ मध्ये महानगरपालिका झाली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. जमीन बिनशेती झाली नसताना काम सुरू केले, मक्तेदाराला कोट्यवधींची बिनव्याजी आगाऊ उचल दिली, काम रखडले तरी वसुली केली नाही, असे आरोप होते. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटी रुपये दंड झाला. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली.

या निकालात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दोषींची यादी. तीत मक्तेदारांबरोबर नगरसेवकांची मोठी रांग आहे. आपण लेखापरीक्षकाकडे डोळे लावून बसतो. पण सार्वजनिक पैशाचा पहिला राखणदार नगरसेवकांची सर्वसाधारण सभा असते. तिथे विषयपत्रिका वाचून प्रश्न विचारणारा एक सदस्य जे वाचवू शकतो, ते पुढच्या दहा तपासण्यांना जमत नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षा होते ती खर्च झाल्यावर. आक्षेप निघतो, अनुपालन मागवले जाते, परिच्छेद प्रलंबित राहतो. तोवर उचल मक्तेदाराच्या खात्यात गेलेली असते आणि कर्ज गावाच्या मानेवर. जळगावकरांनी हुडकोच्या कर्जाचा हा भार अनेक वर्षे सोसला. शहरातले रस्ते आणि गटारे त्या काळात पैशासाठी ताटकळली, हे तिथले कोणीही सांगेल.

ग्रामीण भागात घरकुले देण्याची पद्धत पुढे बरीच सुधारली. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. ते थेट लाभार्थ्याच्या खात्यात, बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्यांनी येतात. जुने घर, नवी जागा, जोते, छत अशा टप्प्यांचे फोटो अक्षांश-रेखांशासह नोंदले जातात. पाया न खणता हप्ता उचलणे त्यामुळे अवघड झाले, ही खरी कमाई आहे. पण फोटोत भिंत दिसते. यादीतून कोणाचे नाव गळले, हे दिसत नाही. ते ग्रामसभेतच कळते, आणि तेही सभा खरोखर भरली तर. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेनंतर पाचपन्नास सह्यांवर यादी मंजूर झाली, तर तो फोटोही योग्य माणसाच्या घराचा असेलच असे नाही.

शहरात अडचण आणखी वेगळी आहे. तिथे गरिबाकडे स्वतःची जागा नसते, म्हणून मोठे प्रकल्प आणि मोठे मक्ते येतात, आणि जळगावचेच प्रश्न पुन्हा उभे राहतात. जमीन कोणाच्या नावावर आहे? बिनशेतीचा आदेश झाला का? उचलीला बँक हमी आहे का? व्याज किती? ही चार उत्तरे कागदांसह, ठराव मांडण्यापूर्वी, ज्या वस्तीतली माणसे त्या घरांत जाणार आहेत त्या वस्तीत लावली पाहिजेत. मोजमाप पुस्तकाच्या प्रतीही दर टप्प्याला तिथेच लावाव्यात. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अशी माहिती स्वतःहून जाहीर करायला सांगतेच. त्यासाठी नवा कायदा, नवी समिती काहीही लागत नाही.