दाढ काढल्यानंतरची गुठळी
नांदेड-लातूरकडे दाढ काढून घरी आलेली बरीच माणसे आधी चुळा भरतात. तोंडातली रक्ताची चव नकोशी वाटते, हे साहजिक आहे. पण जखम भरून येण्यासाठी तेच रक्त लागते. दाढेच्या रिकाम्या खाचेत ते साकळून गुठळी होते आणि गुडघ्यावरच्या खपलीसारखी खालचे हाड व नसा झाकून ठेवते. चुळांनी किंवा सारखे थुंकल्याने ती निसटली, तर ‘ड्राय सॉकेट’ (गुठळीविना उघडी पडलेली खाच) होऊ शकते. मग दोन-चार दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो.

म्हणून दंतवैद्यांनी खाचेवर ठेवलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा आणि 24 तास चुळा टाळाव्यात. लाळ गुलाबी दिसली तरी घाबरू नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या चालतात. सूज दोन-तीन दिवस वाढून उतरते. तंबाखू मात्र जखम भरेपर्यंत बंदच हवी; आपल्याकडे हेच पथ्य सर्वांत जड जाते.

वरची दाढ काढल्याने नजर कमी होते अशी भीती काहींना वाटते, पण तसे होत नाही. दातांची आणि दृष्टीची नस वेगवेगळी असते. रक्त थांबत नसेल, ताप आला किंवा ठणका वाढत गेला, तर लगेच दंतवैद्यांकडे जावे. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत.