सरळ फ्रेमसाठी वाकडा जिग

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यासमोरून जाताना वेल्डिंगचा निळा लखलखाट दिसतो आणि आपण डोळ्यांवर हात धरून पुढे सटकतो. पाहण्यासारखी वस्तू असते ती त्या लखलखाटाखाली. रंग उडालेला, स्पॅटरच्या दाण्यांनी खरबरीत झालेला लोखंडी सांगाडा, त्यावर उभ्या पाच-सहा प्लेटा, काही पिना, काही क्लॅम्प. मोटारसायकलच्या फ्रेमचे सुटे पाइप यात धरून ठेवायचे आणि मग जोडायचे. हा जिग. पुस्तकाच्या हिशेबाने हत्याराला वाट दाखवतो तो जिग आणि जॉबला नुसतं धरून ठेवतं ते फिक्श्चर, म्हणजे हे खरं तर फिक्श्चरच. पण गाळ्यात दोन्ही शब्द सर्रास एकाच वस्तूसाठी चालतात, तेव्हा आपणही जिगच म्हणू.

भोसरी-आकुर्डी-चाकणचा हा पट्टा मुळात पाइपांचा नव्हे, पत्र्याचा. आकुर्डीच्या बजाजची १९७२ सालची चेतक घ्या. तिला मोटारसायकलसारखी पाइपांची फ्रेम नव्हतीच. दाबून आकार दिलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. मोटारसायकलींचे दिवस आले तसे पाइप आले. २००१ ला पल्सर आली आणि चाकणचं नाव तिच्याशी जोडलं गेलं. २०१२ ला त्याच चाकणमधून केटीएमची २०० ड्यूक बाहेर पडली. तिची फ्रेम म्हणजे बारीक पाइपांची उघडी जाळी. ती बघताना वेल्डरचं कौतुक वाटतं. पण इतके तुकडे, इतके सांधे आणि प्रत्येक सांधा शेजारच्याला ओढणारा. त्या सगळ्यांना जागेवर बसवणाऱ्या जिगकडे कोणाचं लक्ष जात नाही.

कंपनीत हे काम डिझाइन विभाग, टूलरूम आणि रोबो मिळून करतात. आपला विषय त्याहून लहान आहे: शर्यतीच्या गाडीसाठी किंवा विजेवरच्या गाडीच्या पहिल्या नमुन्यासाठी एकदोन फ्रेमी करायच्या आहेत आणि जिग आपल्याच गाळ्यात उभा करायचा आहे. हे काम हौशी म्हणून हिणवू नये. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने नॉर्टनसाठी जी ‘फेदरबेड’ फ्रेम तयार केली, तिच्यावर ज्यॉफ ड्यूकने १९५० ची सीनियर टीटी शर्यत जिंकली. कारखान्याच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅककँडलेस आपले जिग बेलफास्टहून घेऊन आला आणि फ्रेमी स्वतः जोडू लागला. एवढ्या नावाजलेल्या कंपनीची भिस्त एका माणसाच्या घरच्या जिगवर होती.

सुरुवात बैठकीपासून. भंगारातून जाड आय-बीम किंवा सी-चॅनेल आणायचा, हे सगळ्यांना सुचतं. चुकतं ते पुढे. चॅनेल वेल्ड करून चौकट केली की ती चौकटच वाकते, आणि मग त्या वाकड्या चौकटीवर गुण्या लावून सरळ प्लेटा उभ्या करत बसायचं. त्यापेक्षा बैठक आधी पुरती वेल्ड करून घ्यावी आणि वरची बाजू मिलिंग करून घ्यावी. पाय तीनच द्यावेत. चार पायांच्या टेबलाचा एक पाय कायम खोटं बोलतो. तीन पायांवर पाणसळ एकदा जुळली की प्रश्न मिटला.

मग माप कुठून धरायचं? मागचा स्विंगआर्म ज्या आसाभोवती हलतो तो पिव्हट आणि पुढची हेडची नळी, या दोघांचं एकमेकांशी नातं म्हणजे फ्रेम. बाकीचे पाइप त्या दोघांना जोडण्यापुरते. हेडची नळी आडव्या अंगाला अर्धा अंश जरी कलली, तरी सातशे मिलिमीटर खाली चाकाच्या अॅक्सलपाशी ती चूक सहा मिलिमीटर होते. म्हणून हेडच्या नळीत दोन्ही तोंडांनी शंकू बसवतात, पिव्हटला डमी शाफ्ट घालतात आणि इंजिनाच्या जागी भंगारातलं रिकामं क्रँककेस टांगतात. जुन्या फ्रेमवरून मापं घ्यायची असतील तर ती गाडी कधी पडलेली नाही ना, हे आधी बघा. पडलेल्या गाडीवरून घेतलेला जिग पडलेल्याच गाड्या काढतो.

जॉब घट्ट धरला की काम झालं, अशी एक भाबडी समजूत असते. समजा एका प्लेटमधली दोन भोकं दोन पिनांवर बसवायची आहेत. दोन्ही पिना पूर्ण गोल केल्या तर भोकांच्या अंतरातला केसभर फरकही आडवा येतो. जॉब हातोडीने आत जातो आणि वेल्डनंतर हातोडीनेही बाहेर येत नाही. म्हणून एक पिन गोल, ती जागा ठरवते. दुसरी दोन बाजूंनी तासलेली, तिला डायमंड पिन म्हणतात. ती फक्त फिरणं थांबवते. शिवाय पिना ओढून काढता येतील अशाच हव्यात.

आता खरी गंमत. तीनशे मिलिमीटरचा पोलादी पाइप शंभर अंशांनी तापला की साधारण ०.३६ मिलिमीटर वाढतो, आणि वेल्डपाशी तर धातू चक्क वितळतो. थंड होताना तो जोड आखडतो आणि पाइपाला आपल्याकडे ओढतो. समोरासमोर टाके मारा, आलटून पालटून वेल्ड करा, ओढ कमी होते, जात नाही. जिगमध्ये असेपर्यंत फ्रेम गप्प असते. क्लॅम्प सोडताना हलकासा ‘टक्’ आवाज येतो, आणि पिव्हटचा डमी शाफ्ट, जो सकाळी दोन बोटांनी आत सरकत होता, तो आता निम्म्यावर अडतो.

इथे नवखा माणूस जिग अजून मजबूत करायला जातो. जुना फिटर काहीच मजबूत करत नाही. फ्रेम कुठल्या बाजूला किती गेली ते मोजतो, समजा दीड मिलिमीटर डावीकडे, आणि त्या ठिकाणची प्लेट तेवढीच उजवीकडे सरकवतो. त्यासाठीच तर प्लेटांखाली पहिल्यापासून पातळ शिमच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. म्हणजे नकाशाप्रमाणे जिग आता चुकीचा आहे, आणि फ्रेम बरोबर येते. माझ्या मते या धंद्यातलं सगळं शहाणपण या दीड मिलिमीटरच्या खोटेपणात आहे. ते ड्रॉइंगवर सहसा चढत नाही. फिटर नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर जातं. शिमचा हिशेब जिगवरच पंचाने ठोकून ठेवायला काय हरकत आहे?

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. घरी केलेली फ्रेम शर्यतीच्या ट्रॅकवर, प्रयोगासाठी. चेसिस नंबर असलेला जुना तुकडा कापून नव्या फ्रेमला जोडण्याची अक्कल कोणी शिकवली तर ऐकू नका.

आणि पाइप आणायला जाल तेव्हा तीन फ्रेमींचा आणा. पहिल्या दोन कापून बघण्यासाठीच असतात.