मालकानं ठेवलेलं नाव

माझ्या बारशाला आत्यानं पाळण्यावर वाकून कानात 'अंबर' म्हटलं आणि बाहेर घुगऱ्या घ्यायला बसलेल्या बायकांना 'अंबादास' सांगितलं. आई ही गोष्ट शेवटपर्यंत सांगायची. आत्याचं म्हणणं एकच होतं. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या हर्सूलसारख्या गावात पोराचं नाव लोकांच्या तोंडात बसणारं पाहिजे. अंबादास आमच्या मराठवाड्यात घरोघरी. गल्लीत हाक मारली तर दोघं-तिघं मागं वळतील. अंबर मात्र गावात एकही नव्हता.

'अंबर' हे नाव नानांनी ठरवलं होतं. नाना म्हणजे माझे वडील. ते पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. सकाळी अंधारात उठायचे, लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलला बांधायचे आणि निघायचे. जायकवाडीचं पाणी शहरात यायच्या आधी हर्सूलचा तलाव हा शहराचा मोठा आधार होता. आजही काही वस्त्यांना त्याचंच पाणी जातं. सुट्टीच्या दिवशी ते मला सायकलवर पुढं बसवून जटवाडा रोडच्या बाजूला घेऊन जायचे. जमिनीखालून पाणी नेणाऱ्या जुन्या नहरीचं चुनेगच्ची तोंड दिसलं की उतरायचे, दगडाला कान लावायचे आणि मलाही लावायला सांगायचे. खाली खोलवर पाण्याची हलकी झुळझुळ असायची. "ज्यानं ही बांधली, त्याचं नाव तुला दिलंय," एवढंच म्हणायचे.

शाळेत नाव घालायला आत्याच घेऊन गेली. त्यामुळं दाखल्यावर अंबादास आलं आणि पुढं प्रत्येक कागदावर तेच चढत गेलं. पन्नास वर्षं मी घरात अंबर आणि कागदावर अंबादास होतो. या नावाचा माग काढायला मी त्यामुळंच निघालो.

अत्तराच्या कुपीतलं नाव

पहिला धागा शहागंजच्या बाजूला एका अत्तरवाल्या चाचांच्या दुकानात सापडला. हिना, शमामा, मजमुआ अशा कुप्यांच्या रांगेत एकीवर 'अंबर' लिहिलं होतं. माझं नाव ऐकून चाचांनी ती कुपी उघडली आणि माझ्या मनगटावर काडी फिरवली. जड, गोडसर, मातकट वास. "बेटा, तेरा नाम तो खुशबू है," ते म्हणाले.

अरबीत 'अंबर' म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा मेणासारखा पदार्थ. व्हेल माकूल खातो. माकुलाच्या चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती हा गोळा धरतो, बाहेर पडतो आणि वर्षानुवर्षं समुद्रावर तरंगत, ऊन-खारं पाणी सोसत सुगंधी होतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बातम्यांत 'व्हेल माशाची उलटी' पकडल्याचं आपण वाचतो, ती हीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या देशात तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे. आज दुकानात अंबर म्हणून जे मिळतं, ते बहुतेक राळ आणि वनस्पतींचं मिश्रण असतं. जुन्या काळी मात्र खरं अंबर सोन्याच्या मोलानं विकलं जायचं.

हे नाव माणसाला का ठेवावं, याचं उत्तर गुलामांच्या बाजारात आहे. अरबस्तान, इराण आणि दख्खनमध्ये विकत घेतलेल्या गुलामांना अत्तरांची, रत्नांची नावं देण्याची पद्धत होती. आपण शाळेच्या इतिहासात वाचलेली नावं या दृष्टीनं पुन्हा वाचून बघा. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर : काफूर म्हणजे आपला कापूर. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर : जौहर म्हणजे रत्न. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत : याकूत म्हणजे माणिक. सिद्दी संबूल : सुंबूल म्हणजे जटामांसीसारखी सुगंधी वनस्पती. रेहान म्हणजे सब्जा, मर्जान म्हणजे पोवळं. लहानपणी ही नावं ऐकून मला तलवारी दिसायच्या. प्रत्यक्षात ती मौल्यवान मालाची यादी होती. ज्याची किंमत मोजली, त्याला किमती वस्तूचं नाव.

चापूचा अंबर

नानांनी ज्याचं नाव मला दिलं तो मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्याला, १५४८ च्या सुमारास, आजच्या इथिओपियात तो जन्मला. जन्माचं नाव चापू. लहानपणीच विकला गेला. तांबड्या समुद्रावरचं मोखा, मग बगदाद, असे बाजार त्यानं पाहिले. बगदादच्या मीर कासिम या व्यापाऱ्यानं त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला आणि नाव बदलून अंबर केलं. दख्खनमध्ये त्याला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं घेतलं. हा चंगीझखान स्वतः पूर्वी गुलाम होता आणि हबशीच होता. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. विजापूरच्या चाकरीत त्याला 'मलिक' हा किताब मिळाला आणि विकत घेतलेल्या पोराच्या नावापुढं सरदाराची पदवी लागली.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, तेव्हा निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं होतं. अंबरनं परांड्याला दुसऱ्या मूर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं ते राज्य उभं ठेवलं. मालोजीराजे, शहाजीराजे यांच्यासारखे मराठे सरदार या निजामशाहीतच वाढले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे आणि अंबर एकाच बाजूनं लढले. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत ग्रंथात त्या लढाईचं वर्णन आहे. जहांगीर बादशहानं आपल्या आत्मचरित्रात अंबरला काळतोंड्या, अभागी अशा शिव्या दिल्या. त्याचं कापलेलं मुंडकं भाल्यावर लावून त्यावर आपण बाण मारतो आहोत, असं चित्रही चित्रकार अबुल हसनकडून काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणानं वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

१६१० मध्ये त्यानं खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवलं. खडकी म्हणजे खडकांची जागा. पाणी कमी. मग त्यानं उत्तरेकडं, आमच्या हर्सूलच्या बाजूला, खाम नदीच्या खोऱ्याकडं पाहिलं. जमिनीखालून दगड-चुन्याचा बोगदा काढला. डोंगरउतारावरून जमिनीत मुरलेलं पाणी या बोगद्यात पाझरतं आणि उतारानं आपोआप शहराकडं वाहतं. मोट नाही, रहाट नाही. गाळ काढायला माणूस उतरेल अशी तोंडं ठेवली आणि शहरात पाण्याचा दाब सांभाळायला दगडी मनोरे बांधले. १६१७ च्या सुमारास पाणी शहरात आलं. तीच नहर-ए-अंबरी. तीनशे वर्षांहून अधिक काळ तिच्यातून पाणी वाहिलं.

शहराचं नाव पुढं बदलत गेलं. अंबरच्या मुलानं, फतेहखानानं, फतेहनगर केलं, १६५३ मध्ये औरंगजेबानं औरंगाबाद केलं आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. नहरीचं नाव चारशे वर्षं तेच राहिलं.

मराठीत मात्र एकटं पडलेलं

दुसरा अंबर आपल्या घरचा आहे. संस्कृतात अंबर म्हणजे वस्त्र आणि अंबर म्हणजे आकाश. हा शब्द मराठी नावांत भरपूर आहे, पण दुसऱ्याच्या हाताला धरून. पिवळं वस्त्र तो पीतांबर, दिशा हेच वस्त्र तो दिगंबर, चैतन्य हेच आकाश तो चिदंबर, मुलींत नीलांबरी. दत्तभक्तांच्या घरी दिगंबर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. अंबादासचा मात्र याच्याशी संबंध नाही. तो अंबेचा दास. विश्वंभरही त्यातला नाही, तो विश्वाचं भरणपोषण करणारा.

आणखीही काही अंबर दिसायला सारखे आहेत आणि मुळात वेगळे. पन्हाळ्यावरचं धान्याचं कोठार अंबरखाना, तो फारसी 'अंबार' म्हणजे साठा यावरून. खादीवाल्यांचा अंबर चरखा तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी बनवला, त्यांच्या नावावरून तो ओळखला गेला. एकंबरनाथ हा कांचीपुरमचा शिव, एका आंब्याच्या झाडाखालचा. तिथं अंबरच्या मुळाशी आंबा आहे.

इतके शब्द जवळ असताना सुटं 'अंबर' इतकं दुर्मीळ का? मला वाटतं, आपण नाव ठेवताना अर्थापेक्षा नातं बघतो. कुलदैवत, आजोबा, संत, आपल्या माणसातला थोर पुरुष. पत्रिकेतलं अक्षर असलं तरी शेवटची निवड या यादीतूनच होते. कृत्तिकेच्या पहिल्या चरणाला 'अ' येतो, पण त्या 'अ'वर अशोक, अनिल, अंबादास आधीच उभे असतात. माझ्या वर्गात शिवाजी होते, संभाजी होते, शहाजीही होता. ती नावं घराघरात रुजली कारण लोकांनी त्या माणसांना आपलं मानलं. मलिक अंबरनं या शहराला पाणी दिलं, पण दूरच्या देशातून एकटा आलेल्या माणसाला इथल्या पाळण्यांपर्यंत वाट मिळाली नाही. हिंदू घराला नाव मुसलमानी वाटतं. मुसलमान घरांत अंबर, अंबरीन ही मुलींची नावं म्हणून जास्त ऐकू येतात. अंबर नावाचा मुलगा दोन्हीकडं वेगळाच पडतो. मला आयुष्यभर लोकांनी 'अमर' म्हणून दुरुस्त केलं आणि दर वेळी मी पुन्हा 'अंबर' म्हटलं.

नाना गेल्यावर त्यांची चावी मी माळ्यावर ठेवली. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पेपरात एक बातमी वाचली, तिनं मला हलवलं. साताऱ्यात 'नकुसा', 'नकोशी' अशी नावं असलेल्या मुलींचं नव्यानं नामकरण झालं होतं. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून ते नाव. त्या मुलींनी नवी नावं घेतली. दुसऱ्यानं लादलेलं नाव बदलता येतं, हे मला तोवर कायद्याचं काम वाटायचं. त्या दिवशी ते माणसाच्या मानाचं काम वाटलं.

माझी गोष्ट त्यांच्या उलटी होती. माझ्यावर लादलेलं नाव वाईट नव्हतं, प्रेमानं दिलेलं होतं. तरी नोकरी संपायच्या आधी मी शासनाच्या राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज केला. लेक म्हणाली, "पप्पा, आता कशाला?" मी तिला जटवाडा रोडला घेऊन गेलो. नहरीचं ते तोंड आता झुडपांनी झाकलंय. आत कोरडं आहे की ओलं, ते बाहेरून कळत नाही. दोघांनी दगडाला कान लावला. मी तिला चापूची गोष्ट सांगितली.

राजपत्र आलं तेव्हा एका ओळीत जुनं नाव होतं आणि पुढच्या रकान्यात नवं. चापूचा अंबर झाला तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्या अर्जावर मात्र सही माझी होती.